पद्मशाली आणि मोमीन : दोन स्थलांतरांचा हिशेब

(नभोवाणीवरील भाषणाचे संपादित रूप)

सोलापूरहून अक्कलकोटच्या रस्त्याला लागले, की शहर मागे पडता पडता कुंभारी हे गाव येते. गाव दक्षिण सोलापूर तालुक्यातले. गेल्या वीस वर्षांत दोन पंतप्रधानांच्या हस्ते या गावच्या शिवारातली घरे कामगारांच्या ताब्यात गेली. २००६ मध्ये डॉ. मनमोहन सिंग यांच्या हस्ते विडी कामगार महिलांची दहा हजार घरांची वसाहत. तिला गोदूताई परुळेकर यांचे नाव आहे. पुढे १९ जानेवारी २०२४ रोजी नरेंद्र मोदी यांच्या हस्ते रे नगरमधली पंधरा हजार घरे. रे नगरची सगळी योजना तीस हजार घरांची. एका खेड्याच्या कडेला शहराएवढी वस्ती उभी राहावी आणि ती विड्या वळणाऱ्या, माग चालवणाऱ्या, हातगाडीवर माल विकणाऱ्या माणसांची असावी, असे आपल्या देशात फार ठिकाणी घडलेले नाही.

या वसाहतींतून फिरताना कानावर तेलुगू पडते. त्याबरोबर दखनी, कन्नड आणि मराठीही. तेलुगू बोलणारे बहुतेक लोक पद्मशाली विणकर समाजाचे. त्यांचे पणजोबा-खापरपणजोबा तेलंगणातून आले. सोलापुरात या समाजाविषयी एक वाक्य हमखास ऐकायला मिळते : ‘पद्मशाली जात्याच कष्टाळू, म्हणून ते वर आले.’ आणि त्या वाक्याला जोडून पुष्कळदा दुसरे एक वाक्य येते : ‘मालेगावचे बघा, तेही विणकरच, पण राहिले तिथेच.’ मालेगावचे म्हणजे मोमीन विणकर. तेही बाहेरूनच आलेले, उत्तर हिंदुस्थानातून.

दोन्ही वाक्ये सहज बोलली जातात. बोलणाऱ्याच्या मनात द्वेष असतोच असे नाही. पण ती खरी आहेत का? एखाद्या समाजाची आर्थिक स्थिती त्याच्या स्वभावातून ठरते, की आणखी कशातून? आज आपण या दोन विणकर समाजांचा हिशेब शेजारी शेजारी मांडून पाहू.

पद्मशालींपासून सुरुवात करू. करीमनगर, वरंगळ, नलगोंडा, महबूबनगर हे तेलंगणाचे जिल्हे त्या काळी निजामाच्या राज्यात होते. गावोगावी विणकर होते. इंग्लंडमधून गिरणीचे कापड येऊ लागले तसे गावच्या बाजारातले त्यांचे गिऱ्हाईक तुटत गेले. त्यात १८७६ ते १८७८ चा मोठा दुष्काळ आला. माणसे पश्चिमेकडे निघाली. सोलापूर हे त्यांच्या वाटेवरचे मोठे पेठेचे गाव. १८६० मध्येच तिथे रेल्वे पोचली होती. १८७७ मध्ये सोलापूरची पहिली सूतगिरणी निघाली. तिलाच पुढे लोक ‘जुनी गिरणी’ म्हणू लागले. रेल्वेने कापूस आणि कापड यांची ने-आण सोपी केली, गिरणीने सूत जवळ आणून ठेवले. विणकराला आणखी काय हवे? शहराचा पूर्व भाग हळूहळू तेलुगू बोलू लागला. तिथे मार्कंडेयाचे मंदिर झाले आणि नारळी पौर्णिमेला त्याचा रथ निघू लागला.

आता मालेगाव. नाशिक जिल्ह्यातले, मोसम नदीकाठचे हे गाव मुंबई-आग्रा रस्त्यावर आहे. आझमगड, मऊ, बनारस, अलाहाबाद या भागांतले मोमीन, म्हणजे अन्सारी विणकर, एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात इथे येत गेले. १८५७ च्या उठावानंतर उत्तरेत जी धरपकड झाली आणि मागोमाग जे दुष्काळ पडले, त्यांनी या माणसांना घराबाहेर काढले. काही मालेगावला थांबले, काही धुळ्याला, काही भिवंडीपर्यंत गेले. मालेगावात मोमीनपुऱ्यासारखे मोहल्ले उभे राहिले. सोलापूर आणि मालेगाव यांच्यातला एक फरक मात्र लक्षात ठेवायला हवा. मालेगावला रेल्वे आलीच नाही. आजही रेल्वेसाठी मनमाड गाठावे लागते.

म्हणजे साधारण १९०० साली या दोन समाजांत साम्यच जास्त होते. दोघेही हातमागावर विणत. दोघेही गिरणीचे सूत वापरत आणि मुख्यतः मराठी बायकांसाठी नऊवारी लुगडी विणत. दोघांची घरची भाषा वेगळी, दोघांना स्थानिक लोक परके समजत. दोघांनाही सुतासाठी उधारी काढावी लागे. मग पुढच्या शंभर वर्षांत वाटा वेगळ्या का झाल्या?

पहिले कारण कारखान्याच्या रचनेत आहे. सोलापुरात स्वातंत्र्यापूर्वीच हातमागाचे ‘कारखाने’ तयार झाले होते. एका छपराखाली अनेक माग, मालक त्याच समाजाचा आणि कामगारही त्याच समाजाचे, बहुधा गावाकडून नुकतेच आलेले नातलग. कारखान्यातच राहायचे, तिथेच जेवायचे, उचल घ्यायची आणि ती फिटेपर्यंत तिथेच विणायचे. ही व्यवस्था कामगाराला बांधून ठेवणारी होती, यात शंका नाही. पुण्याच्या गोखले अर्थशास्त्र संस्थेने सोलापूरच्या विणकर समाजांची आर्थिक पाहणी करून घेतली. र. गो. काकडे यांची ती पाहणी १९४७ मध्ये पुस्तकरूपाने निघाली. विणकरांच्या हालअपेष्टांकडे इतक्या लवकर अभ्यासकांचे लक्ष गेले, हेच पुष्कळ बोलके आहे. पण या व्यवस्थेतून पद्मशालींमधला एक लहान वर्ग मालक झाला, व्यापारी झाला, सूत आणि कापड यांच्या बाजारात स्वतः उतरला.

मालेगावात माग घराघरांत राहिले. विणकर स्वतःच्या मागाचा मालक असे. ऐकायला हे जास्त चांगले वाटते. पण सूत देणारा आणि कापड घेणारा व्यापारी बहुतेक वेळा दुसऱ्या समाजाचा, दुसऱ्या पेठेतला असे. सूत उधारीवर घ्यायचे आणि कापड त्याच व्यापाऱ्याला त्याच्या भावात घालायचे. १९३५ च्या सुमारास मालेगावात यंत्रमाग आले आणि पुढे झपाट्याने वाढले. आज तिथल्या यंत्रमागांची संख्या लाखाच्या वर सांगितली जाते. सोलापूरचे माग त्या मानाने फारच थोडे, हजारांत मोजण्याइतके. म्हणजे मागांच्या संख्येवरच श्रीमंती ठरत असती, तर मालेगाव सोलापूरच्या कितीतरी पुढे असते.

तसे का झाले नाही, ते दुसऱ्या कारणात आहे. मागावर काय विणले जाते, हा खरा प्रश्न आहे.

स्वातंत्र्यानंतर लुगड्यांची मागणी घटत गेली तसा सोलापूरचा कारखानदार चादरीकडे आणि पुढे टॉवेलकडे वळला. जॅकार्डवर विणलेली सोलापुरी चादर ही पूर्ण तयार वस्तू आहे. सूत रंगवायचे, नक्षी पाडायची, विणायचे, घडी घालून शिक्का मारायचा आणि दुकानात ठेवायचे. यातले बरेचसे काम सोलापुरातच होते. पुलगमसारखी नावे घरोघरी माहीत झाली. गिऱ्हाईक दुकानात जाऊन ‘सोलापुरी चादर’ असे नाव घेऊन मागते. २००५-०६ मध्ये सोलापुरी चादर आणि सोलापुरी टॉवेल यांना भौगोलिक निर्देशांक, म्हणजे त्या नावावरचा कायदेशीर हक्कही मिळाला.

मालेगावच्या मागावर मुख्यतः कोरे कापड निघते. ते ना धुतलेले असते, ना रंगवलेले. ते कापड पुढे राजस्थानात पाली-बालोत्र्याला किंवा गुजरातेत जाते. तिथे ते रंगते, छापले जाते आणि मगच त्याला नाव मिळते. कापड मालेगावचे आहे हे गिऱ्हाइकाला कळतही नाही. अशा धंद्यात मागवाल्याच्या हाती पडते ती मीटरमागे ठरलेली मजुरी. सुताचा भाव चढला की व्यापारी काम कमी करतो. कापडाचा भाव उतरला तरी तो काम कमी करतो. दोन्ही बाजूंनी फटका मागवाल्याला. साठा तुंबला म्हणून सगळ्या गावाने मिळून माग काही दिवस बंद ठेवल्याचे मालेगावने अनेकदा पाहिले आहे. माग बंद म्हणजे मजुरी बंद. आणि मजुरी आठवड्याची असते.

आता कोणी म्हणेल, मग मालेगावकरांनीही चादर का नाही काढली? पद्मशालींना सुचले ते त्यांना का सुचू नये? इथे स्वभावाचा मुद्दा पुन्हा डोके वर काढतो. त्याला उत्तर द्यायला आपल्याला तेलंगणात परत जावे लागेल.

करीमनगरच्या बाजूला सिरसिल्ला नावाचे गाव आहे. आता ते जिल्ह्याचे ठिकाण आहे. तिथले विणकर पद्मशालीच, सोलापूरच्या पद्मशालींचे भाऊबंद. त्यांच्याकडेही यंत्रमाग आले. पण त्या मागांवर निघू लागले पॉलिएस्टरचे कोरे कापड. आणि झाले काय? मालेगावला जे झाले, तेच. भाव व्यापाऱ्याच्या हातात, काम अनिश्चित, डोक्यावर कर्ज. २००० नंतरच्या दशकात सिरसिल्ल्याचे नाव देशाला कळले ते विणकरांच्या आत्महत्यांमुळे. पुढे २०१७ पासून काही वर्षे तेलंगण सरकारने बतुकम्मा सणाच्या साड्यांचे काम या विणकरांना दिले, तेव्हा तिथल्या मागांना बरे दिवस आले. जात तीच, देव तोच, भाषा तीच. माल बदलला आणि नशीब बदलले.

भिवंडीतही हेच दिसते. तिथे पद्मानगर नावाची तेलुगू विणकरांची मोठी वस्ती आहे. तिथे काहींचे स्वतःचे माग आहेत. पण पुष्कळ जण दुसऱ्याच्या मागावर काम करणारे कामगार. भिवंडीच्या कोऱ्या कापडाच्या बाजारात भिवंडीच्या मोमीन मागवाल्याला आणि पद्मानगरच्या पद्मशाली मागवाल्याला एकाच व्यापाऱ्याच्या पेढीवर उभे राहावे लागते आणि भाव एकच मिळतो. उलट सोलापुरात टॉवेलच्या धंद्यात मुसलमान कारखानदारही यशस्वी झालेले आहेत. तेव्हा कष्टाळूपणा कोणत्या जातीत किती, हे मोजत बसण्यात फारसा अर्थ राहत नाही.

तिसरे कारण घरातल्या बाईशी संबंधित आहे, आणि माझ्या मते सर्वांत महत्त्वाचे आहे.

हातमागाच्या काळात विणकाम हे सगळ्या घराचे काम होते. पुरुष मागावर बसे. पण कांड्या भरणे, ताणा लावणे, सुताला खळ देणे ही कामे बायका-मुले करत. त्याची वेगळी मजुरी कोणी देत नसे. यंत्रमाग आले, सायझिंगचे कारखाने निघाले आणि ही कामे घराबाहेर गेली. सोलापुरात त्या मोकळ्या झालेल्या हातांना विडीने गाठले. शहरातल्या विडी कारखान्यांत आणि घरखात्यात पन्नास हजारांहून अधिक बायका विड्या वळू लागल्या. त्यांत पद्मशाली बायका फार मोठ्या संख्येने होत्या. मांडीवर सूप, त्यात पाने आणि तंबाखू. पान कापायचे, तंबाखू भरायचा, वळायचे, दोरा बांधायचा. मजुरी हजारावर. दिवसभर बसून जेमतेम हजारभर विड्या होतात. पाठ धरते, तंबाखूची धूळ छातीत जाते, मजुरी तुटपुंजी. या कामाचे कौतुक करावे असे त्यात काही नाही.

पण या कामाने एक गोष्ट दिली : कागदावरचे नाव. १९६६ मध्ये विडी आणि सिगार कामगारांसाठी केंद्राचा कायदा झाला. त्याने घरी बसून विड्या वळणारी बाईसुद्धा कामगार आहे हे मान्य केले. १९७६ मध्ये विडी कामगार कल्याण निधीचा कायदा आला. विडीवर उपकर बसवायचा आणि त्यातून दवाखाने, मुलांना शिष्यवृत्ती, घरासाठी मदत द्यायची, अशी ती योजना. २०१७ मध्ये वस्तू आणि सेवा कर आला तेव्हा हा उपकर गेला. पण त्याआधीच्या चाळीस वर्षांत सोलापूरच्या विडी कामगार बाईजवळ ओळखपत्र आले, भविष्यनिर्वाह निधीचे खाते आले, बोनस मागण्याचा हक्क आला. नवऱ्याचा माग बंद पडला, गिरणीला टाळे लागले, तेव्हा कित्येक घरांची चूल याच पैशावर पेटली.

मालेगावच्या बायका काम करत नव्हत्या असे मुळीच नाही. कांड्या भरण्यासारखी कामे त्या घरात बसून करतच होत्या. पण ते काम मागवाल्या घराच्या संसारात मिसळून गेले. हजेरीपटावर नाव नाही, ओळखपत्र नाही, निधी नाही. सरकारच्या दृष्टीने त्या बायका कामगार नव्हत्याच. दोन्हीकडे बाईने दिवसभर राबायचे. एकीकडे त्याची नोंद झाली, दुसरीकडे झाली नाही.

कागदाची ताकद किती असते याचे एक लांबचे उदाहरण सांगतो. अमेरिकेत फ्लॉरिडाच्या टोकाला मायामी शहर आहे. कॅरिबियन समुद्रातल्या क्युबा आणि हैती या दोन शेजारी देशांतून तिथे माणसे आली. क्युबन लोकांच्या तिथे पेढ्या झाल्या, दुकाने झाली, त्यांच्यातले महापौर झाले. हैतीचे लोक बहुतेक कमी पगाराच्या कामांत राहिले. ‘क्युबन मुळातच उद्योगी’ असे तिथेही म्हटले गेले. प्रत्यक्षात १९५९ च्या क्रांतीनंतर क्युबातून आधी निघाले त्यांत डॉक्टर, वकील, व्यापारी खूप होते; आणि १९६६ मध्ये अमेरिकेने खास कायदा करून क्युबन माणसाला कायमचे राहण्याची वाट मोकळी केली. १९८० मध्ये सव्वा लाख क्युबन होड्यांतून आले, त्यांतले बहुतेक राहिले. हैतीच्या होड्या मात्र १९८१ पासून समुद्रातच अडवून परत पाठवण्याचे धोरण ठरले. एकाला हातात कागद मिळाला, म्हणून त्याला कर्ज मिळाले, दुकान मिळाले. दुसऱ्याला पकडले जाण्याची भीती, म्हणून मिळेल ते काम, मिळेल त्या मजुरीवर.

आपल्याकडे देशाची सीमा आड येत नाही. पण कर्जाच्या दारात असाच फरक होतो. २००६ च्या सच्चर समितीच्या अहवालाने दाखवून दिले, की बँकांच्या कर्जात मुसलमानांचा वाटा त्यांच्या लोकसंख्येच्या मानाने कमी आहे. बँकेचे दार बंद असले की व्यापाऱ्याची उधारी हाच आधार. आणि उधारी असली की कोरे कापड सोडून दुसरे काही विणायची हिंमत कुठून येणार? नवी नक्षी, नवा माग, रंगाची भट्टी, सगळ्यालाच आधी भांडवल लागते. त्यात मालेगावने २००१ ची दंगल पाहिली, २००६ आणि २००८ चे बॉम्बस्फोट पाहिले. अशा प्रत्येक घटनेनंतर संचारबंदी, बाजार बंद आणि बाहेरच्या व्यापाऱ्याच्या मनात धास्ती.

शिक्षणाचीही बाजू आहे. सोलापुरात पद्मशाली शिक्षण संस्थेने कुचन प्रशालेसारख्या शाळा काढल्या. घरी तेलुगू बोलणारी मुले मराठीतून शिकली, नोकऱ्यांत शिरली. १९९४ मध्ये विशेष मागास प्रवर्गाची सवलत आली, तिचाही उपयोग झाला. मालेगावने शिक्षणाकडे पाठ फिरवली होती, असा एक समज आहे, तो बरोबर नाही. तिथे उर्दू शाळा भरपूर आहेत; मुलींसाठी जामियतुस सालिहातसारखी निवासी संस्था आहे. मात्र उर्दूतून शिकलेल्या मुलाला मराठीतून चालणाऱ्या कचेऱ्यांत शिरणे अवघड गेले.

राजकारणातही दोन्ही समाज मागे नव्हते. सोलापूरहून गंगाधर कुचन, धर्मण्णा सादूल, लिंगराज वल्याळ लोकसभेत गेले, नरसय्या आडम तीनदा विधानसभेत गेले. मालेगावचे निहाल अहमद अनेकदा आमदार आणि राज्यात मंत्री होते. तेव्हा सत्तेत माणूस होता की नव्हता, एवढ्याने फरक पडला नाही. त्या ताकदीने काय मागून घेतले, याने पडला.

मात्र इथेच एक सावधगिरी बाळगायला हवी. ‘पद्मशाली वर आले’ असे आपण म्हणतो तेव्हा आपल्या डोळ्यांसमोर कोण असते? चादरीचा कारखानदार, डॉक्टर, वकील. मागावर उभा असलेला कामगार नसतो, विडी वळणारी त्याची बायको तर नसतेच. सोलापूरच्या पद्मशाली कारखानदारात आणि त्याच्याच मागावरच्या पद्मशाली कामगारात जेवढे अंतर आहे, तेवढे त्या कामगारात आणि मालेगावच्या मोमीन कामगारात नाही. समाजाची सरासरी काढली की वरचा वर्ग सगळ्यांची पत वाढवून दाखवतो आणि खालचा माणूस सरासरीत दिसेनासा होतो. १८ मे २०२५ रोजी सोलापूरच्या अक्कलकोट रस्ता औद्योगिक वसाहतीत टॉवेलच्या कारखान्याला आग लागली. मालकाच्या कुटुंबातली माणसे आणि कामगार मिळून आठ जण गेले. पहाटेची वेळ होती आणि ती माणसे कारखान्याच्या आवारातच राहत होती. कारखान्यातच झोपायचे, ही शंभर वर्षांपूर्वीची रीत अजून संपलेली नाही.

म्हणूनच घराला एवढे महत्त्व. घरी काम करणाऱ्या बाईला घर म्हणजे नुसता निवारा नसतो. तोच तिचा कारखाना असतो. झोपडीत पावसाचे पाणी शिरले की पाने भिजतात, विड्या नापास होतात, त्या दिवसाची मजुरी जाते. भाड्याच्या खोलीत घरमालकाची कटकट. स्वतःच्या नावावरच्या पक्क्या खोलीत ती निर्धास्त बसू शकते, मुलगी अभ्यासाला बसू शकते, आणि अडीनडीला घर तारण ठेवता येते. कुंभारीच्या वसाहतींमागे कामगार संघटनेने वर्षानुवर्षे काढलेले मोर्चे आहेत, केंद्र आणि राज्य यांची मदत आहे आणि कामगारांनी स्वतः भरलेला वाटाही आहे. गोदूताई वसाहतीची यादी विडी कामगार म्हणून झाली, रे नगरची यादी असंघटित कामगार म्हणून. अर्जदाराची जात कोणती, हे विचारून या याद्या झाल्या नाहीत. म्हणून तिथे पद्मशाली घराच्या शेजारी मोमीन घर आहे, मोची घर आहे, लिंगायत घर आहे. दोन समाजांची तुलना करताना जे आपल्याला समजायला वेळ लागतो, ते या यादीने आधीच गृहीत धरले होते.

अर्थात कुंभारीत सगळे आलबेल आहे असे समजण्याचे कारण नाही. शहर दूर आहे, कामाला जायचे तर रोजचे भाडे आहे. शाळा, दवाखाना, पाणी यांसाठी वसाहतीला पाठपुरावा करावा लागतो. मोठी काळजी आहे ती कामाची. तंबाखूविरोधी कायदे कडक झाले, आणि ते व्हायलाच हवे होते. पण विडीचे काम घटत चालले आहे. ज्या कामाच्या ओळखपत्रावर आईला घर मिळाले, ते काम मुलीला मिळणार नाही, आणि तिला ते नकोही आहे. चादरीला पानिपतच्या स्वस्त मालाने गाठले आहे. सोलापुरात शालेय गणवेश आणि तयार कपडे शिवण्याचा धंदा वाढतो आहे, त्यात मुली शिरताहेत. त्यांच्या शिवणकामाची नोंद कोण ठेवतो, त्यांचा भविष्यनिर्वाह निधी कोण भरतो, हे आताच पाहायला हवे. आयांच्या वेळी ती नोंद व्हावी म्हणून वीस-वीस वर्षे भांडावे लागले होते.

स्थलांतर काही थांबलेले नाही. भिवंडीच्या मागांवर आज उत्तर प्रदेश, बिहार, ओडिशातली मुले उभी आहेत. मराठवाड्यातली कुटुंबे ऊसतोडीला जातात. उद्या त्यांच्याविषयीही कोणी म्हणेल, की हे जात्याच असे आणि ते जात्याच तसे. तेव्हा आपण चार साध्या गोष्टी विचाराव्यात. ते जे तयार करतात ते पूर्ण वस्तू म्हणून विकले जाते, की अर्धवट? त्याचा भाव कोण ठरवतो? घरातल्या बाईच्या कामाची नोंद कुठे आहे का? आणि ज्या छपराखाली ते झोपतात, ते कोणाच्या नावावर आहे? या चार प्रश्नांची उत्तरे मिळाली, की त्या समाजाच्या परिस्थितीचा बराचसा उलगडा होतो. त्यांतल्या शेवटच्या प्रश्नाचे उत्तर सोलापूरच्या हजारो बायकांनी मिळवले आहे. पहिल्या तीन प्रश्नांची उत्तरे त्यांच्या मुलींना अजून मिळवायची आहेत.